सोळा दिवसांचा बेत

९ जानेवारी

प्रिय आत्या,

आधी बातमी सांगते, मग क्षेमकुशल. मी परदेशी चालले आहे. एकटी. एप्रिलमध्ये, सोळा दिवसांसाठी.

फोनच करणार होते, पण फोनवर तुला माझं बोलणं म्हणजे नुसती भुणभुण ऐकू येते, आणि तुझ्या खालच्या शिंपीणबाईंना मध्ये घालून ही बातमी ओरडून सांगायची माझी तयारी नव्हती. आईला आणि दादाला अजून सांगितलेलं नाही. आई रडेल आणि दादा मला माहिती देईल. तू दोन्ही करणार नाहीस, म्हणून पहिली तू.

कारण विचारशील. उंटराव मला सोडून गेला त्याला आता तीन महिने झाले आणि मी अजून पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपते. दुसरी बाजू इतकी सपाट आहे की तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवतानाही चोरट्यासारखं वाटतं. कपाटातला त्याचा कप्पा मी तीनदा भरायला घेतला आणि तीनदा सोडून दिला. जेवण उभ्याने, ओट्याशी, पातेल्यातूनच. एका माणसाचा भात करता येत नाही, आत्या. तो एक तर दीड माणसाचा होतो, नाहीतर पाऊण.

कामावर बरं असतं, हात गुंतलेले असतात. या आठवड्यात एका निवृत्त न्यायाधीशांची कवळी करते आहे. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापात प्लास्टर ओतायचं, साचा काढायचा, मग मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा. आमचे मालक मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इतके सरळ लावू नका, बाई. माणसाचे वाटले पाहिजेत." मी पुढचा एक दात किंचित वाकडा केला आणि त्या कवळीला एकदम चेहराच आला. मला का कोण जाणे, रडू फुटलं. मेणावर पाणी पडून चालत नाही, म्हणून मागच्या खोलीत गेले.

तिथेच ठरवलं. आम्ही दोघं कुठेतरी जाणारच होतो ना, पुढच्या वर्षी? आठ वर्षांत ते पुढचं वर्ष काही आलं नाही. आता मी माझी जाते. त्या शहराचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही, तेव्हा आपण त्याला तळ्याचं शहर म्हणू. मधोमध भलंमोठं तळं आहे, काठाकाठाने आणि त्याच्या नदीवर मिळून सात पूल आहेत, नावा चालतात. मला ते तळं बघायचं आहे. बस्स.

बेत अजून कच्चा आहे. तुझं मत कळव. खोटं कौतुक नको.

तुझी,
मुंगी

१८ जानेवारी

चि. मुंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकही शब्द चुकलेला नाही, म्हणजे मन थाऱ्यावर आहे असं धरून चालते. छापखान्यात छत्तीस वर्षं प्रुफं तपासलेल्या बाईला तू हाताने पत्र लिहितेस, या धाडसाचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

जा. नक्की जा. आईला मी सांगू का? नको म्हणालीस तर नाही सांगणार. पोटात ठेवायची सवय आहे मला.

एकटीने प्रवासाचं मला काय विचारतेस! मी सगळ्यात लांब गेले ती कागदाच्या गिरणीच्या गावी, साहेबांनी नमुने आणायला पाठवलं तेव्हा. दोन दिवस. पण त्या दोन दिवसांत एक शिकले ते सांगते. एकटीने जेवायला बसशील तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसू नकोस. मी बसले होते. समोर पुस्तक उघडून ठेवलं होतं आणि तीच ओळ अकरा वेळा वाचली. पाठीमागे सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी दाराकडे तोंड करून बसले, तर कोणी माझ्याकडे ढुंकूनही बघत नव्हतं. आधी जरा वाईट वाटलं, मग जेवण छान लागलं.

पायमोजे जास्त ने. औषधांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेव.

उंटरावाबद्दल मी काही लिहीत नाही. झालं ते झालं. इकडे थंडी पडली आहे. कान आणखी एक पायरी खाली उतरले. शिंपीणबाईंचं यंत्र आता अजिबात ऐकू येत नाही, पण चालू झालं की फरशीतून तळपायांना कळतं. बाई कामाला बसल्या की मी चहा टाकते. दोघींचा दिवस एकदम सुरू होतो. त्यांना हे माहीत नाही.

अकरा वाजता टपाल येतं. तुझं पत्र असलं की जिना चढताना गुडघा दुखत नाही.

तुझी,
आत्या

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पासपोर्ट आला. फोटो काढायला गेले तर फोटोग्राफर म्हणाला, "हसू नका हं." म्हटलं, अजिबात काळजी करू नका.

व्हिसाच्या खिडकीवरच्या बाई मात्र कडक निघाल्या.

"कोणाला भेटायला?"

"कोणालाच नाही."

"बरोबर कोण?"

"कोणी नाही."

"कामानिमित्त?"

"नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी अर्जातला मुख्य रकानाच कोरा सोडला होता. मग म्हणाल्या, "लिहा, पर्यटन." लिहिलं. छान शब्द आहे. त्यात काहीही बसतं.

राहायची खोली ठरली. शहराच्या उत्तर टोकाला, टेकडीवर, एका वयस्क बाईंच्या घरी. ट्रॅम शेवटच्या थांब्यापर्यंत जाते, तिथून पाच मिनिटं चालत. शांत आहे म्हणून घेतली. पहिल्या दिवशी तळ्यात नावेची फेरी. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय, दुपारी घड्याळाचा मनोरा. बाकी तिथे गेल्यावर बघू. सगळं घट्ट बांधून नेलं तर मजा काय?

सामानाची यादी फ्रिजवर लावली आहे. चालायचे बूट, रेनकोट, पायमोजे (तुझ्या सांगण्यावरून आठ जोड), दोन जाड पुस्तकं. संध्याकाळी टीव्ही लावून एक स्वेटर विणत बसते, राखाडी. टीव्हीत काय चाललंय ते कळत नाही, पण घरात कोणीतरी बोलतंय असं वाटतं. स्वेटरच्या बाह्या काही केल्या संपत नाहीत.

न्यायाधीशांना कवळी बसली. डॉक्टरांकडून निरोप आला, की आरशात बघून ते म्हणाले, "हा तर मीच." इतकं बरं वाटलं. मग घरी आले, आणि हे सांगायला कोणी नव्हतं. भिंतीला सांगितलं आणि आता तुला सांगते आहे.

तुझी,
मुंगी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवून वाचली. जुनी खोड. प्रुफं तपासताना आम्ही चुकीचा शब्द तर शोधायचोच, पण एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर भलतंच असं कुठे आहे का, तेही शोधायचो. अशा जागी समासात प्रश्नचिन्ह काढायचं असतं. मी चार काढली आहेत.

तुला तळं बघायचं आहे, पण खोली घेतलीस ती तळ्यापासून सगळ्यात लांब. हे एक.

सोळा दिवस जाणार आणि बेत दीड दिवसाचा. तू भाजी आणायला जातानाही यादी करणारी मुलगी. बाकीच्या साडेचौदा दिवसांत काय करणार आहेस?

पाच फुटांची तू. तुझ्या हाताच्या मापाच्या बाह्या दोन संध्याकाळी विणून होतात. न संपणाऱ्या बाह्या कोणाच्या आहेत?

आणि पहिल्याच पत्रात तू पूल मोजून लिहिलेस. सात. तळं बघायला निघालेलं माणूस पूल मोजत नाही. हातोडी घेऊन पुलांच्या तपासण्या करत हिंडणारा एकच माणूस आपल्या दोघींच्या ओळखीचा आहे.

मुंगे, उंटराव तिथे आहे का?

आत्या

२१ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र फाडलं आणि मग चिकटपट्टीने जोडलं. मी काय छापखान्यातून आलेला गठ्ठा आहे का?

हो. तिथे आहे. तिथल्या पुलांच्या खात्यात त्याला नोकरी आहे. त्याचं एक प्रमाणपत्र माझ्याकडे राहिलं होतं, ते पाठवायला त्याने नोव्हेंबरात पत्ता कळवला. खोली त्याच्या घरापासून दोन थांब्यांवर आहे. स्वेटर त्याचा आहे. झालं समाधान?

आता सगळंच सांगते. तो निघाला तेव्हा तू विचारलंस आणि मी "आमचं पटेना" एवढंच म्हटलं होतं. खरं म्हणजे आमचं भांडणसुद्धा झालं नाही. आधी दोघांनीच जायचं ठरलं होतं. मी मालकांशी बोलूनही ठेवलं होतं. मग एका रविवारी तो टेबलाशी बसून कांदा चिरत होता आणि मान वर न करता म्हणाला, "मला वाटतं मी एकट्याने जावं." मी म्हटलं, "आधी तू जा, मग मी येते." तो म्हणाला, "तसं नाही." आणि कांदा चिरत राहिला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते कांद्याचं की कशाचं ते मला कधी कळलंच नाही. आठ वर्षं, आणि शेवटी मला एवढंही ओळखता आलं नाही.

डिसेंबरात त्याचा फोन आला होता. हे तुला सांगितलं नव्हतं. कितीतरी वेळ गप्प होता. मग विचारलं, "तू बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बरी आहे. तू?" "मी पण." पुन्हा गप्प. "मग ठीक आहे," म्हणाला आणि ठेवला. आत्या, त्या गप्प राहण्यात काहीतरी होतं. तिथे एकटा पडलाय तो. त्याला म्हणता येत नाही. त्याला कधीच काही म्हणता आलं नाही.

मी त्याला परत चल म्हणणार नाही. मला फक्त दार वाजवायचं आहे आणि ते त्याने उघडायचं आहे. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या क्षणी जे येईल ते मला बघायचं आहे. ते मला ओळखता येईल.

मला अडवू नकोस.

मुंगी

२ मार्च

चि. मुंगी,

हे पत्र मी पाचव्यांदा लिहिते आहे. आधीची चार शेगडीत गेली.

माझा प्रश्न खोटा होता. उंटराव तिथे आहे का, असं मी तुला विचारलं. मला ते ऑक्टोबरपासून माहीत आहे. जायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. न कळवता. दारात वाकून उभा राहिला, आत आला, खुर्चीवर बसला आणि अर्धा तास काही बोलला नाही. मग माझ्या कानाशी येऊन, मला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, त्याला ते सगळं सांगावं लागलं. अशा गोष्टी माणूस हळू आवाजात सांगतो. बिचाऱ्याला ओरडून सांगाव्या लागल्या.

तिथे कोणीतरी आहे, मुंगे. मागच्या वर्षी कामासाठी दोन महिने गेला होता तेव्हा ओळख झाली. त्याच खात्यात नकाशे काढते. तिला चार वर्षांची मुलगी आहे. ते एकत्र राहणार होते, आता राहतही असतील. तो म्हणाला, "आत्या, मला तिच्यासमोर तोंड उघडता येत नाही. तुम्ही सांगाल का? थोडे दिवस जाऊ देत, मग सांगा." मी त्याला भित्रा म्हटलं. तो हो म्हणाला. मग मी कबूल केलं.

आणि सांगितलं नाही. पाच महिने.

तुला जपत होते, असं लिहिलं होतं मी. ते पत्र पहिलं जाळलं, कारण ते खरं नव्हतं. खरं हे आहे. उंटराव होता त्या आठ वर्षांत तुझी मला सहा पत्रं आली. सगळी माझ्याकडे आहेत, म्हणून आकडा नक्की आहे. तो गेल्यापासून दर तीन आठवड्यांनी एक येतं. मला कान नाहीत, मुंगे. दार वाजलेलं कळत नाही, फोन कळत नाही, शिंपीणबाई जिन्यात भेटतात तेव्हा मी नुसती हसते. माझ्याशी जे कोणी बोलतं ते टपालाने बोलतं, आणि ते फक्त तू. हे सांगितलं तर तू लिहायची थांबशील, अशी भीती वाटली. म्हणून आज नको, पुढच्या वेळी, असं करत राहिले.

तुझ्या दुःखावर माझे दिवस चालले होते. असं साधं वाक्य आहे ते.

तिकीट तुझं आहे. जायचं तर जा. पण त्या दारात अशी अंधारात जाऊ नकोस.

आत्या

२४ मार्च

चि. मुंगी,

तीन आठवडे झाले. उत्तर येणार नाही हे समजून आहे, तरी अकराला खाली जाते. काल विजेचं बिल आणि शिंपीणबाईंसाठी चुकून माझ्या पेटीत पडलेलं एक पत्र, एवढंच होतं.

त्यांना ते द्यायला गेले आणि पहिल्यांदा आत बसले. त्यांनी कापडावरच्या खडूने पाटीवर लिहून विचारलं, "भाची बरी आहे?" तू आहेस हे त्यांना माहीत आहे. मी खडू घेतला. "कामात आहे," असं लिहिलं.

रागाव. पण जेवत जा. बसून.

आत्या

६ एप्रिल

चि. मुंगी,

शिंपीणबाईंकडून दादाला फोन करवला. तू ठीक आहेस, कामावर जातेस, असं तो म्हणाला. प्रवासाचं त्याला काही माहीत नव्हतं. मीही बोलले नाही. म्हणजे गेलीस की राहिलीस हे मला कळायला मार्ग नाही. दहा तारखेच्या सुमारास तुझं विमान असेल असा माझा अंदाज आहे. गेलीस तर रेनकोट वरच ठेव.

आत्या

१७ एप्रिल

आत्या,

आले आहे. आईला विमानतळावरून सांगितलं, ती रडली. दादाने माहिती दिली.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली होती. पहिल्यानंतर तुला लिहायला बसले की हातच चालेना. त्याच्यावर रागवायला मला आठ वर्षांची उजळणी करावी लागली असती. तुझ्यावर रागावणं सोपं होतं, ते लगेच जमलं. आणि एक खरं सांगू? तुझ्यावर विश्वासही बसला नाही. मला अडवायला तू हे रचलंस असं वाटत राहिलं. म्हणून तिकीट रद्द केलं नाही. डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

पहिले तीन दिवस खोलीतून बाहेर पडले नाही. खिडकीतून ट्रॅमचा शेवटचा थांबा दिसतो. ती येते, रिकामी होते, ड्रायव्हर उतरून एका टोकाचा दिवा मालवतो, दुसऱ्या टोकाचा लावतो आणि उलटी निघते. घरमालकीणबाई दाराशी सूप ठेवून जायच्या. आम्हाला एकमेकींची भाषा येत नाही. कोणाशी शब्द न बोलता तीन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी खोकला आला तर आपलाच आवाज ऐकून दचकले.

चौथ्या दिवशी सकाळी गेले. तिसरा मजला, हिरवं दार. पाटीवर दोन नावं होती. एक त्याचं. तेव्हाच परत फिरायला हवं होतं. तरी बेल दाबली.

त्यानेच उघडलं. हातात लहान मुलीचा एक बूट होता.

तो पहिला क्षण बघायला मी इतक्या लांब आले होते ना? बघितला. काहीच ओळखायचं नव्हतं त्यात. तो नुसता दचकला होता, दारात वीज मंडळाचा माणूस उभा दिसावा तसा.

"तू?"

"मी. फिरायला आले होते."

"एकटीच?"

"हो."

आतून त्या मुलीने तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. त्याने वळून तिला त्याच भाषेत उत्तर दिलं, मोडकंतोडकं, पण हसत. ती खिदळली. आत्या, मी त्याला इतक्या पटकन उत्तर देताना कधी ऐकलं नव्हतं.

"आत ये ना."

"नको, ट्रॅम आहे." ट्रॅम दर दहा मिनिटांनी असते.

तो बूट या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "तू आलीस ते बरं झालं. मला वाटलं होतं, आत्यांनी सगळं सांगितल्यावर तू माझं तोंडही बघणार नाहीस. म्हणून तर डिसेंबरात फोन केला होता. शब्दच सुचेनात. पण तू बरी आहे म्हणालीस. फार मोठं ओझं उतरलं माझं."

मी त्या बुटाकडे बघितलं. त्यालाच काहीतरी खटकलं असावं.

"सांगितलं होतं ना त्यांनी? ऑक्टोबरातच?"

"हो," मी म्हटलं. "ऑक्टोबरातच."

कठडा धरून जिना उतरले. स्वेटर पिशवीतच होता, तो पिशवीतच राहिला.

मी खोटं तुला वाचवायला बोलले नाही, असा गैरसमज करून घेऊ नकोस. त्या एका फोनवर मी तीन महिने अख्खं घर बांधलं होतं, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. पण बोलून झाल्यावर लक्षात आलं, की यात तूही सुटलीस. तो तुला शब्दाची पक्की बाई समजतो. मला या गोष्टीचा इतका संताप आला की एक थांबा आधीच उतरले.

तू वेळेवर सांगितलं असतंस, तर त्याच्या गप्प बसण्यातून मला काही ऐकू आलं नसतं. एवढंच म्हणायचं आहे. आणि हे, की वेळेवर सांगितलं असतंस तर मी कुठेच निघाले नसते. दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्याने पहिलं पुसलं जात नाही.

अजून नऊ दिवस उरलेत. त्यांचं काय करायचं ते कुठल्याच यादीत नाही.

मुंगी

२४ एप्रिल

आत्या,

मागचं पत्र तुला अजून पोचलंही नसेल. तरी लिहिते.

त्या दिवसानंतर रोज बाहेर पडत होते. संग्रहालय झालं, मनोरा झाला. सगळीकडे जोड्या, नाहीतर शाळांच्या रांगा. फोटो काढून देता का म्हणून लोक मलाच विचारायचे, कारण माझेच हात रिकामे असायचे. निदान वीस जणांचे काढले असतील. माझा एकही नाही. काढून घ्यावासा वाटला नाही.

रविवारी सकाळी नावेने तळ्याच्या पलीकडच्या काठाला गेले. तिथे चार घरं, एक धक्का, दुसरं काही नाही. दुपारी वारा सुटला. तीनच्या नावेसाठी आले तर धक्क्यावर साखळी लावलेली आणि मला न वाचता येणारी एक सूचना. एक म्हातारा पालथी होडी रंगवत होता. त्याला हातवारे करून विचारलं. त्याने आधी वाऱ्याकडे बोट दाखवलं, मग ब्रशानेच नाही नाही केलं, मग गालाखाली हात धरून झोपल्याची खूण केली. उद्या. बसचा थांबा होता, तिथल्या वेळापत्रकात रविवारचा रकाना कोरा.

तळ्याला वळसा घालून यायचं तर अठरा किलोमीटर. निघाले.

पहिला तास फक्त भीती. या क्षणी आपण कुठे आहोत हे जगात एकाही माणसाला माहीत नाही, असं मनात आलं. एका दगडी कठड्यावर बसले आणि मोठ्याने रडले. मग मोठ्याने बोलायला लागले. मराठीत, काय वाट्टेल ते. ऐकून समजणारं तिथे होतं कोण! आधी त्याला बोलले. कांद्यापासून सुरुवात केली. मग तुला बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही, तुला त्यातले दोन शब्द शब्दकोशातही सापडायचे नाहीत. कुंपणापलीकडचा एक कुत्रा कान टवकारून शेवटपर्यंत ऐकत होता.

बोलून बोलून संपलं. मला वाटलं होतं ते कधी संपणार नाही. पण दहाव्या किलोमीटरच्या आसपास खरंच काही उरलं नाही. नंतर नुसती चालत होते. मोकळं वगैरे वाटलं नाही. एकटंच वाटत होतं, पण ते एकटेपण आता चालण्याचं होतं, कोणाची तरी वाट बघण्याचं नव्हतं. फरक सांगता येत नाही. टाच सोलली होती, पाव संपला होता, आणि पुढचं वळण तेवढं दिसत होतं.

उजेड असतानाच घरी पोचले. बाईंनी माझे पाय बघितले, गरम पाण्याचं घमेलं आणून पुढ्यात ठेवलं आणि भिंतीवरच्या नकाशाकडे हात केला. मी उठून, ओल्या पायांनी, बोटाने अख्खा काठ गिरवून दाखवला. त्या एकच शब्द बोलल्या. त्याचा अर्थ शाबास तरी असेल, नाहीतर वेडी.

खोलीत आले आणि हे कोणालातरी सांगावंसं वाटलं, लगेच, आत्ताच्या आत्ता. आठ वर्षांची सवय आहे, आधी त्याचं नाव यायला हवं होतं. तुझं आलं. मला ते आवडलं नाही. दोन दिवस थांबून बघितलं, दुसरं कोणाचं येतंय का. नाही आलं.

परवा निघते. जूनच्या पहिल्या शनिवारी तुझ्याकडे येईन. भांडायला येते आहे, भलता अर्थ काढू नकोस. दोन दिवस राहीन.

मुंगी